प्रकरण अकरावे : सँड्रीनाचा घसा

शेजारच्या शेवंतीच्या काढ्यात मिरी जास्त होती आणि गूळ कमी. सँड्रीनाने तो उभ्याउभ्या, डोळे मिटून प्यायला आणि रिकामा पेला शेवंतीला दाखवला. ‘बरो होतो’ एवढंही म्हणायची तिला घरातून मनाई होती.

“अशी गटकन गिळू नको गो,” शेवंती म्हणाली. “घशाक लागाक होयो. अजून आवाज फुटणा नाय?”

सँड्रीनाने मान हलवली.

“डाक्टरान बोलूक बंदी केल्यानहा,” चुलीपुढून डोरथीने उत्तर दिलं. “आवाजाची शीर सुजलीहा. जास्ती बोलली तर आवाज कायमचो जातलो.”

“अरे देवा. आणि मास्तरणीच्या धंद्यात आवाज नाय म्हणजे...” शेवंतीने वाक्य पुरं केलं नाही. “उद्या अडुळसो आणतंय,” म्हणाली आणि मागच्या दाराने घरी गेली.

डोरथीला खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून ती लागेल त्यापेक्षा जास्त खोटं बोलायची. तिच्या नवऱ्याने, आंतोन मास्तरांनी, ‘सुनेचा घसा बसला म्हणून सांग’ एवढंच बजावलं होतं. डोरथीने त्याला सुजलेली शीर जोडली, गोव्याचा डॉक्टर जोडला आणि वर बोलायची बंदीही जोडली. त्या बंदीने सुनेचं काय केलं, ते तिला पुढच्याच रविवारी चर्चच्या दारात कळलं. बायका सँड्रीनाभोवती जमल्या आणि ती मुक्याने हसत उभी राहिली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पण एकदा सांगितलेलं खोटं मागे घ्यायचं म्हणजे गावासमोर कबुली द्यायची, आणि डांटस मास्तरांच्या घरात तशी रीत नव्हती.

घशाला खरं तर काहीच झालं नव्हतं. एप्रिलमध्ये सातवीच्या वर्गात सँड्रीना फळ्यावर गणित लिहायला वळली आणि परत वर्गाकडे वळलीच नाही. हातात खडू, तोंड फळ्याकडे. पोरं आधी खुसखुसली, मग गप्प झाली, मग एक मुलगी शेजारच्या वर्गातून शर्मिलाबाईंना घेऊन आली. त्यानंतर सँड्रीना रोज सकाळी साडी नेसून, पर्स खांद्याला लावून घरापुढच्या खळ्यातल्या खुरसापर्यंत, म्हणजे क्रुसापर्यंत, जायची आणि तिथून मागे फिरायची. सुट्टी लागली म्हणून निभावलं. आता शाळा उघडायला आली होती, आणि आंतोननी एक बेत ठरवला होता. आज संध्याकाळी खुरसापुढच्या लादिनाला, दरवर्षीच्या प्रार्थनेला, शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष दाजी येतील. त्यांच्या कानावर घालायचं, की घशामुळे सून नोकरी सोडते आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“तुका पटला मां ता?” डोरथीने विचारलं. शेवंती गेली होती, आता बोलायला हरकत नव्हती.

सँड्रीना चुलीवरचे चणे ढवळत होती. लादीन झाल्यावर खोबरं घालून सगळ्यांना वाटायचे ते चणे. “माका कोणी इचारल्यान?”

“आता मी इचारतंय.”

“मम्मी, इतके दिवस तोंड बंद ठेवन लोकांचे काढे पितंय. माका काय वाटता ता माझा माकाच कळणा नाय आता.”

डोरथी पाटावर बसली. तिला पाठ टेकायला काहीतरी हवं होतं, पण पाटाला पाठ नसते.

“पप्पांचा पित्त आयकलंस मां तू?”

आंतोन मास्तरांचं पित्त घराण्यात प्रसिद्ध होतं. हेडमास्तर झाल्यावर पहिली काही वर्षं रोज सकाळी, शाळेला निघायच्या आधी, ते न्हाणीत जाऊन ओकायचे. डोरथी पाठ चोळायची. मग ते तोंड धुऊन, भांग पाडून, सायकलवर बसून जायचे आणि दिवसभर त्यांच्या आवाजाने शाळेची कौलं हलायची.

“सुट्टीत एकदाय उलटी झाली नाय तेंका,” डोरथी म्हणाली. “रविवारी पण नाय. माका तेवाच समाजला होता ह्या पित्त न्हय. पण मी आपली कोकमाचा सरबत देत रवलंय. तेवा पित्त, आता घसो. दोनदाय झाकण माझ्याच हातान ठेवलंय. लाज वाटता गो माका.”

सँड्रीनाचं ढवळणं थांबलं होतं. खाली चणे लागायला लागले तेव्हा दोघींनाही आधी वास आला.

बाहेर खळ्यात सँड्रीनाचा नवरा कॉनरॅड खुरसावर दिव्यांची माळ चढवत होता. हा खुरीस त्याच्या आजोबांनी, पास्कू मास्तरांनी, बांधलेला. लादिनाला एकाने पुढे म्हणायचं आणि मागून सगळ्या वाडीने उत्तर द्यायचं, आणि पुढे म्हणायचा मान या घरातल्या मास्तराचा. पास्कूनंतर आंतोन. आंतोननंतर खरं तर कॉनरॅड, पण तो डी.एड. अर्धवट टाकून वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात सुपरवायझर झाला. तेव्हा आंतोननी बांद्याहून शिक्षिका सून शोधून आणली. “बायल माका नाय, शाळेक मिळाली,” असं कॉनरॅड स्वतःच्या लग्नात म्हणाला होता आणि सगळा मांडव हसला होता. लग्नानंतर सँड्रीना पुढे म्हणू लागली, आणि तिला ऐकायला पार देवबागेहून माणसं येत. यंदा घशामुळे पुन्हा आंतोन म्हणणार होते.

फाटकाशी स्कूटर थांबली. शर्मिलाबाई आणि मागे ओंकार सर, दोघंही सँड्रीनाच्या शाळेतले. याआधी ते दोनदा आले होते आणि दोन्ही वेळा डोरथीने त्यांना फाटकातूनच परत पाठवलं होतं. आज फाटकाजवळ कॉनरॅड होता.

“ती घरात नाय,” तो विचारायच्या आधीच म्हणाला. “बांद्याक गेलीहा. आवशीकडे.”

“आज? घरात लादीन आसताना?” शर्मिलाबाईंनी सरळच विचारलं.

“आवस जरा आजारी...”

“मम्मी, चणे जाले बगा,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “मीठ तुमी घाला, माझ्या हातान जास्ती पडतला.”

शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला तो आवाज होता, खळ्यापर्यंत सहज पोचला. कॉनरॅडच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या दोघांपैकी कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. ओंकार दिव्यांच्या माळेकडे बघू लागला, “ही खालसून उलटी गुंतलीहा,” म्हणाला आणि शिडीवर चढून ती सोडवत बसला.

“आवाज बरो आसा तिचो,” शर्मिलाबाई हळू म्हणाल्या. “आयकान माका बरा वाटला. शाळेत कोणतरी सांगी होता, घशाचा ऑपरेशन करूचा लागतला.”

ऑपरेशन डोरथीनेही जोडलं नव्हतं. ते गावाने आपल्या पदरचं घातलं होतं.

“बाई, माझा चुकला,” कॉनरॅड म्हणाला. “आमका लोकांची लाज वाटली. मास्तराच्या घरातली मास्तरीण वर्गात उबी रवाक शकणा नाय, ह्या कसा सांगूचा?”

“जसा झाला तसा.”

शर्मिलाबाईंनी खुरसाच्या पायरीवर पर्स ठेवली.

“तिका शनिवार होयो होतो रे. शनिवार गेलो आणि ती पडली.”

शनिवार म्हणजे काय ते कॉनरॅडला माहीत होतं. अर्धी शाळा सुटली की चित्रकलेच्या वर्गात शिक्षक चहा घेऊन बसायचे आणि प्रत्येकाने आठवडा कसा गेला ते सांगायचं. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, हा एकच नियम. मास्तर लोकांना सल्ला न देता बसवणं म्हणजे मांजराला मासळीपुढे बसवण्यासारखं, पण जमत गेलं. मग कोणाला काय येतं ते एकमेकांना शिकवणं सुरू झालं. ओंकार देवबागचा, त्याने सगळ्यांना खाडीत पोहायला शिकवलं. सँड्रीनाने गाणं शिकवलं.

“माका सूर लागणा नाय,” शर्मिलाबाई म्हणाल्या, “तरी माझ्याकडसून तुमच्या लादिनाची सगळी उत्तरां घोकून घेतल्यान. वर्गात साठ पोरां, वर सर्वे, वर निवडणुकीचा काम. पण शनिवारी ती हसताना दिसायची. मार्चात संस्थेन बैठक बंद केली. कित्याक, ता कोणाकच म्हायत नाय.”

कॉनरॅडला ते शनिवार आठवले. सँड्रीना उशिरा, गुणगुणत घरी यायची आणि काहीतरी सांगायला लागायची. तो मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारायचा, “आज कोण रडला गो तुमच्यात?” रोजचीच थट्टा. मग तिने सांगणं बंद केलं, आणि ते बंद झालेलंही त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आता खळ्यात उभं राहून त्याला स्वतःची किळस आली.

“त्या दिवशी वर्गात जावन तुमी काय केल्यात?” त्याने विचारलं. हे त्याने बायकोलाही कधी विचारलं नव्हतं.

“काय नाय. तिका फिरवूक गेलंय नाय. तिच्या बाजूक फळ्याकडे तोंड करून उबी रवलंय. दुसरो खडू घेतलंय आणि तिचा अर्धा रवलेला गणित पुरा केलंय. मगे तीच फिरली.”

कॉनरॅडने फाटक पूर्ण उघडलं. “बसा,” म्हणाला. “लादिनाक थांबा.”

दिवे लागले तसं खळं भरलं. दाजी पांढऱ्या कपड्यांत आले आणि पडवीत आंतोनशेजारच्या खुर्चीवर बसले. आंतोननी वाक्य तयार करून ठेवलं होतं, तेही शुद्ध मराठीत, कारण बाब कचेरीची होती. ‘दाजी, प्रकृतीच्या कारणास्तव आमच्या सूनबाईंना यापुढे शाळेचं काम झेपणार नाही.’ त्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि याचं त्यांना मनातून कौतुकही वाटत होतं.

“दाजी, एक सांगायचं होतं,” त्यांनी सुरुवात केली.

“सांगा की. पण आदी माका सांगूंदे.” दाजींना समोर बाकावर शर्मिलाबाई आणि ओंकार दिसले होते. “बाई, तुमी पण इलात? बरा झाला. माझ्यार राग धरू नका हां. ती शनिवारची बैठक मी बंद केलंय, पण अक्कल माझी न्हय. मास्तरांची.” त्यांनी आंतोनच्या गुडघ्यावर थाप मारली. “मास्तरांनी माका बाजारात गाठल्यानी आणि म्हणाले, दाजी, मास्तरच बसान रडाक लागले तर पोरांनी खंय बगूचा? माका एकदम पटला. जुनी हाडां ती. सगळी नोकरी केल्यानी, पण कदी एक रजा नाय.”

पडवी कौतुकाने हसली. दाजींच्या मनात काही वाकडं नव्हतं. सज्जन माणसाने केलेली स्तुती कधी कधी अशी नेमकी नको तिथे बसते.

आंतोननी मान वळवली. दारात सँड्रीना उभी होती, खुरसापुढे लावायच्या मेणबत्त्या हातात घेऊन. तिच्या मागे डोरथी. दोघींनी सगळं ऐकलं होतं.

आंतोनना आठवलं, त्या दिवशी त्यांच्या हातात मासळीची पिशवी होती आणि वाक्य तोंडातून सहज निघालं होतं. दाजी हसले, म्हणून त्यांनी ते परत एकदा म्हटलं. सून त्या बैठकीला बसते हे त्यांना ठाऊक होतं. शनिवारी ती गुणगुणत घरी यायची, हेच त्यांना खुपत होतं. शाळेतून माणूस गात घरी येऊ शकतो, हे त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं. ते स्वतः इतकी वर्षं दात आवळून आले होते, आणि तेच खरं मास्तरपण असं धरून चालले होते. आपण आपल्याच सुनेच्या पायाखालची फळी काढली आणि वर तिला मुकी केली. आंतोन मास्तरांना लाज वाटली. इतकी, की खुर्चीतून उठताना हात धरायला कोणी नको होतं आणि कोणीतरी हवंही होतं.

“तुमी काय सांगी होतात?” दाजींनी विचारलं.

“मगे,” आंतोन म्हणाले. “आदी लादीन होवंदे.”

ते खळ्यात उतरले. पायऱ्यांपाशी गुडघे टेकणं त्यांच्या पायांना केव्हाच जमेनासं झालं होतं, म्हणून ते खुरसाकडे तोंड करून उभे राहिले. मागे सगळी वाडी. मेणबत्त्या लागल्या. डोरथीने लहान पोरांना गप्प केलं. पहिली हाक आंतोनची, मग उत्तर गावाचं.

हाक आली नाही.

लोकांना आधी वाटलं, मास्तर दम घेताहेत. मग कोणीतरी खोकलं. मागच्या बाजूला पोरं खुसखुसली. आंतोनचा उजवा हात खुरसाच्या कठड्यावर होता. शब्द त्यांना पाठ होते. पण ते म्हटले की मागे वळायचं होतं, लोकांकडे बघायचं होतं, आणि तेवढं त्यांच्याने होणार नव्हतं.

सँड्रीनाने ती पाठ ओळखली. फळ्याचा काळा रंग सोडला तर सगळं तेच होतं. मघाशी दारात तिच्या मनात आलं होतं, की हातातल्या मेणबत्त्या जमिनीवर टाकून सरळ बांद्याला निघून जावं. अजूनही जाता आलं असतं. ह्या माणसाने आपल्यासाठी काय केलं, तिने स्वतःलाच विचारलं, आणि उत्तर काही चांगलं आलं नाही. पण ती पाठ तिला बघवेना.

ती पुढे गेली. सासऱ्यांच्या हाताला तिने हात लावला नाही, त्यांच्या तोंडाकडे बघितलंही नाही. त्यांच्या शेजारी खुरसाकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने पहिली हाक दिली.

इतके दिवस कोंडलेला आवाज पहिल्या सुराला जरा खरखरला, मग मोकळा झाला. वाडी इतकी चकित झाली की उत्तर द्यायचंच विसरली. ते आलं मागच्या बाकावरून, ओंकारचं बरोबर आणि शर्मिलाबाईंचं ठार बेसूर. त्यांच्या मागून मग सगळं खळं बोलू लागलं. चौथ्या-पाचव्या हाकेला सँड्रीनाच्या आवाजाखाली दुसरा एक जाड, फुटका आवाज लागला. आंतोन उत्तर देत होते. पुढे म्हणणारा नव्हे, मागून म्हणणारा होऊन.

लादीन संपल्यावर शेवंती सगळ्यांत आधी पुढे आली. “गो बाय, आवाज इलो तुझो.”

“गेलो नाय होतो, काकी,” सँड्रीना म्हणाली. सगळे ऐकत होते, आणि तिने आवाज बारीक केला नाही. “घशाक कायच झाला नाय होता. वर्गात माका पोरांकडे फिराक जमला नाय, म्हणान घरात रवलंय. तुमचे काढे फुकट गेले.”

“तिका बोल लावू नका,” डोरथी मागून म्हणाली. “शीर, डाक्टर, सगळा माझा. मी खोटा बोललंय.” तिचे डोळे भरले होते, पण ती मागे सरली नाही.

शेवंतीने क्षणभर दोघींकडे पाहिलं. “मिरी जास्ती झाली होती मां?” तिने विचारलं.

“खूप,” सँड्रीना म्हणाली आणि हसली. तिच्याबरोबर आणखी दोघी-तिघी हसल्या.

दाजी मात्र गोंधळले होते. “मगे आता शाळेचा काय?”

“येतलंय,” सँड्रीना म्हणाली. “पण माका भिती वाटता दाजी, ती जावक नाय. शनिवार परत होयो. माका एकटेक न्हय, सगळ्यांका.”

दाजींनी आंतोनकडे बघितलं. अध्यक्ष झाले तरी ते आंतोनचेच विद्यार्थी.

“माझा आयकान बंद केल्यात,” आंतोन म्हणाले, “आता माझा आयकान सुरू करा. त्या दिवशी मी बोललंय ता चुकीचा होता.” त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“करूया,” दाजी म्हणाले. “फक्त कमिटीची सभा होयसर वर्ग देवक येवचो नाय. ठराव झालोहा.”

“तवसर हय बसा.” आंतोन शर्मिलाबाईंकडे वळले. “ह्या पडवीत. माझ्या बापाशीन हयच शाळा घातली होती.”

कॉनरॅडला वाटलं, मिटलं. डोरथी चण्याचं पातेलं आणायला वळलीसुद्धा.

“नको पप्पा,” सँड्रीना म्हणाली. “तुमी घरात आसताना हय कोणच खरा बोलाचो नाय.”

हे वाक्य आंतोनना त्यांच्या घरात, त्यांच्या खुरसापुढे, त्यांच्या विद्यार्थ्यांसमोर ऐकवलं गेलं होतं. कॉनरॅडने तोंड उघडलं, बायकोला गप्प करायला की बापाला आवरायला हे त्यालाही ठरवता आलं नाही, म्हणून त्याने ते मिटलं. मग तो जाऊन सँड्रीनाच्या बाजूला उभा राहिला.

आंतोननी कलंडलेली एक मेणबत्ती सरळ केली.

“खरा आसा,” ते म्हणाले. “शनिवारी मी घरात नसतलंय. दर्यार जावन बसान.”

डोरथीने चण्यांची पहिली वाटी भरली आणि सँड्रीनाच्या हातात दिली. यजमानाला वाटी सगळ्यांत शेवटी, अशी रीत. सँड्रीनाने ती आधी आंतोनच्या हातात ठेवली. ते वाटी धरून तसेच उभे राहिले. आयुष्यभर ज्यांनी शाळेची घंटा ठरवली होती, ते खालच्या आवाजात विचारत होते,

“परत कदी येव?”

“आमचा आटापला काय मी हाक मारतंय.”

लग्न होऊन ती या घरात आल्यापासून आंतोननी तिला ‘गो’ म्हटलं होतं, ‘सूनबाई’ म्हटलं होतं, लोकांसमोर ‘आमची सँड्रीना’ म्हटलं होतं. शाळेतली माणसं तिला ज्या शब्दाने हाक मारत, तो त्यांच्या तोंडी कधी आला नव्हता.

“बरा, बाई,” ते म्हणाले.